मोठ्या सभेच्या दिवशी जवळच्या लग्नात ड्रोन उडवता येईल का?

अंबाजोगाई परिसरात लग्नांचे छायाचित्रण करणाऱ्या एका तरुण व्यावसायिकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तुळशीच्या लग्नानंतरच्या एका मुहूर्तावर लातूर रस्त्यालगतच्या मंगल कार्यालयात त्यांचे काम ठरले आहे. त्याच दिवशी तेथून सुमारे तीन किलोमीटरवर एका मोठ्या नेत्याची जाहीर सभा होणार असून नेते हेलिकॉप्टरने येणार, असे गावात बोलले जाते. ड्रोनसाठीच्या ‘डिजिटल स्काय’ या शासकीय संकेतस्थळाच्या नकाशावर मात्र ती सगळी जागा हिरवी, म्हणजे परवानगीशिवाय ड्रोन उडवता येईल अशी, दिसते. वैमानिकाचे प्रशिक्षण घेणाऱ्या त्यांच्या भाच्याने ‘मामा, नोटॅम बघा’, म्हणजे वैमानिकांसाठी निघणारी सूचना बघा, असे सुचवले, इंटरनेटवर शोधले तर अमेरिकेतल्या ‘टीएफआर’ची माहिती समोर आली आणि गोंधळ आणखी वाढला. आपला ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला आहे, त्याला हे सारे लागू होते का, असेही त्यांनी विचारले आहे.

मी तात्पुरती हेलिपॅड, उड्डाणाचे परवाने आणि पोलिसांशी समन्वय असे हेलिकॉप्टर उड्डाणांचे जमिनीवरचे नियोजन पाहतो, आणि ड्रोन चालवणाऱ्यांना प्रशिक्षणही देतो. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू माझ्या रोजच्या कामात येतात. नकाशा हिरवा आहे की लाल, हा तुमच्या प्रश्नाचा एक छोटा भाग झाला. खरा प्रश्न असा आहे की, त्या दिवशी, त्या तासाला ते आकाश बंद करण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे आणि त्यांच्यापैकी कोणी तो वापरला असेल तर ते तुम्हाला कोठे कळणार. आपल्याकडे असे अधिकार किमान तीन वेगळ्या ठिकाणी आहेत, त्यांचे कागद वेगळे निघतात, आणि एका ठिकाणी मनाई नाही म्हणून दुसऱ्या ठिकाणची मनाई रद्द होत नाही. हे एकदा नीट समजले की पुढची कामे अवघड नाहीत.

आधी अमेरिकेचा गोंधळ दूर करू. तिथे फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन ही एकच संस्था तात्पुरते उड्डाण निर्बंध काढते, त्यांना टीएफआर म्हणतात, आणि ते विमानांना आणि ड्रोनला सारखेच लागू असतात. ३०,००० किंवा त्याहून अधिक आसनक्षमतेच्या स्टेडियममध्ये व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल किंवा बेसबॉलचा मोठा सामना असेल, तर सामन्याच्या एक तास आधीपासून संपल्यानंतर एक तासापर्यंत, तीन नॉटिकल मैलांच्या परिघात आणि जमिनीपासून ३,००० फुटांपर्यंत उड्डाणास मनाई असते. हा नियम आपोआप लागू होतो. आपल्या ड्रोन नियमांत असा गर्दीच्या आकड्यावर आपोआप लागू होणारा नियम नाही. आपल्याकडे प्रत्येक वेळी कोणीतरी सक्षम अधिकारी तो निर्बंध जाहीर करतो. म्हणून अमेरिकी संकेतस्थळे वाचून तुम्ही ‘सभेपासून इतके किलोमीटर दूर असलो की झाले’ असा हिशेब करू नका.

आता आपल्याकडचे चित्र पाहू. ड्रोन नियम, २०२१ हे २५ ऑगस्ट २०२१ रोजी लागू झाले आणि त्यांनी आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन विभाग केले. लाल किंवा पिवळा नसलेल्या भागात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंतचा पट्टा हिरवा असतो आणि तेथे परवानगीशिवाय उडवता येते. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरच्या दरम्यान जमिनीपासूनच पिवळा विभाग सुरू होतो, आणि ८ ते १२ किलोमीटरच्या दरम्यान फक्त २०० फुटांपर्यंत हिरवा असतो. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी लागते, आणि लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही. छत्रपती संभाजीनगरात सिडकोमध्ये काम करणाऱ्यांना हे रोज भेडसावते, कारण चिकलठाणा विमानतळ अगदी जवळ आहे. अंबाजोगाईजवळ चालू विमानतळ नसल्याने तुमचा नकाशा हिरवा दिसणे स्वाभाविक आहे. पण तो रंग एरवीच्या दिवसाचा आहे. सभेच्या दिवसाबद्दल तो काहीच सांगत नाही, जोपर्यंत कोणी त्यावर तात्पुरता लाल विभाग टाकत नाही.

हा तात्पुरता लाल विभाग म्हणजे पहिला कागद. राज्य शासन किंवा पोलीस यंत्रणा तातडीच्या गरजेनुसार एखाद्या भागात ड्रोनला एका वेळी कमाल ९६ तासांसाठी बंदी घालू शकते. ती जाहीर करणारा अधिकारी पोलीस अधीक्षक किंवा समकक्ष दर्जाच्या खाली नसावा, ती डिजिटल स्कायवर जाहीर करून नकाशावर दाखवावी, आणि तिचा आकार वाजवीपेक्षा मोठा नसावा, असे नियमातच म्हटले आहे. येथे दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. ९६ तास म्हणजे चार दिवस, त्यामुळे सभा रविवारी असली तरी विभाग शुक्रवारी सकाळपासून लाल होऊ शकतो, आणि ‘एका वेळी’ या शब्दांमुळे तो पुन्हा जाहीरही करता येतो. दुसरी गोष्ट म्हणजे उड्डाणापूर्वी डिजिटल स्काय तपासणे ही चालकावर टाकलेली सक्ती आहे. आठवडाभर आधी काढलेला हिरव्या नकाशाचा स्क्रीनशॉट त्या सक्तीतून तुम्हाला मोकळे करत नाही. उड्डाणाच्या दिवशी, शक्यतो तासाभरापूर्वी, पुन्हा पाहावे आणि तारीख-वेळ दिसेल असे चित्र जतन करावे.

दुसरा कागद म्हणजे मनाई आदेश, आणि तुमच्या बाबतीत तोच सर्वांत महत्त्वाचा ठरण्याची शक्यता आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ च्या जागी आलेल्या तरतुदीखाली, जिल्हादंडाधिकारी ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून अशा साधनांना ठरावीक काळासाठी बंदी घालू शकतात. छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तालय असल्याने तेथे हा अधिकार पोलीस आयुक्त वापरतात. मराठवाड्याच्या इतर सात जिल्ह्यांत तो जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आहे, त्यामुळे तुमच्या कामासाठी बीडचा आदेश पाहायचा. कार्यालय सीमेजवळ असेल, तर शेजारच्या लातूर जिल्ह्याचाही पाहायचा. असा आदेश साधारणपणे जिल्ह्याच्या संकेतस्थळावर येतो, जिल्हा माहिती कार्यालयाच्या प्रसिद्धिपत्रकातून दैनिकांच्या आतल्या पानावर येतो, आणि पोलीस ठाण्याच्या फलकावर लागतो. व्हॉट्सॲपवर फिरणारी प्रत मिळाली तर आदेशाचा क्रमांक, तारीख, कालावधी आणि भौगोलिक हद्द या चार गोष्टी वाचल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका, कारण मागच्या वर्षीचा आदेश यंदा पुन्हा फिरताना मी पाहिला आहे.

अनुभव असा आहे की कागदावर मनाई आदेश निघतो आणि नकाशावर लाल वर्तुळ उशिरा दिसते किंवा दिसतच नाही. मला हे मनापासून खटकते, कारण नकाशा पाहणे ज्याला बंधनकारक आहे त्याला नकाशावरच माहिती मिळायला हवी, आणि नियम करणाऱ्यांनीही तेच अपेक्षिले आहे. पण ही उणीव तुमच्या बचावाचा मुद्दा होत नाही. दोन कागद दोन वेगळ्या कायद्यांखालचे आहेत. नकाशावर काही नसले तर ड्रोन नियमांखालचा तात्पुरता लाल विभाग जाहीर झालेला नाही, इतकेच म्हणता येईल. मनाई आदेश मात्र स्वतःच्या पायावर उभा राहतो. तो मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि त्यामुळे माणसांच्या जिवाला धोका झाल्यास मर्यादा एक वर्ष आणि ५,००० रुपयांपर्यंत जाते. ड्रोन नियमांखालचा दंड वेगळा, तो एक लाख रुपयांपर्यंत असू शकतो. शिवाय ड्रोन जप्त झाला तर तो न्यायालयातून सोडवून आणेपर्यंत लग्नसराई संपलेली असते.

तिसरा कागद म्हणजे तुमच्या भाच्याने सांगितलेला नोटॅम. ही वैमानिकांसाठीची सूचना असते आणि आपल्याकडे ती भारतीय विमानतळ प्राधिकरण काढते. स्थानिक मंत्र्यांच्या सभेसाठी नोटॅम निघेलच असे नाही, पण पंतप्रधानांच्या पातळीवरचा दौरा असेल तर विमानतळ आणि सभास्थान या दोन्ही ठिकाणच्या हवाई हद्दीवर निर्बंध येण्याची शक्यता धरूनच चालावे. ड्रोन चालकांनी नोटॅम वाचायला शिकावे असे माझे ठाम मत आहे, कारण तो वाचताना तीन ठिकाणी हमखास चूक होते.

पहिली चूक वेळेची. समजा ‘बी’ या रकान्यात २५११२७०८३० आणि ‘सी’ या रकान्यात २५११२७१२३० असे आकडे आहेत. हे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटे या क्रमाने वाचायचे आणि ते जागतिक प्रमाणवेळेनुसार असतात, त्यामुळे त्यात साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे हा निर्बंध २७ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी साडेआठ ते दुपारी साडेबारापर्यंतचा नव्हे, तर दुपारी दोन ते सायंकाळी सहापर्यंतचा आहे. ज्याने साडेपाच तास मिळवले नाहीत तो दुपारी एक वाजता ‘निर्बंध संपला’ असे समजून तयारीला लागेल आणि नेमक्या बंद वेळेत ड्रोन वर नेईल. पहाटेच्या कार्यक्रमात तर तारीखही बदलते, कारण आपल्याकडचे पहाटेचे चार म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेदहा.

दुसरी चूक अंतराची. नोटॅममधली त्रिज्या नॉटिकल मैलांत असते आणि एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. पाच लिहिले असेल तर ते सव्वानऊ किलोमीटरपेक्षा जास्त आहे. तुमचे कार्यालय तीन किलोमीटरवर आहे, त्यामुळे तुमच्या बाबतीत या फरकाने काही बदलत नाही, पण सात-आठ किलोमीटरवर काम असलेल्याला तो नक्की नडतो. तिसरी चूक उंचीची. उंची जमिनीपासून दिली आहे की समुद्रसपाटीपासून, हे पाहावे लागते. छत्रपती संभाजीनगरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे, त्यामुळे समुद्रसपाटीपासून ३,००० फुटांपर्यंतचा निर्बंध म्हणजे तिथल्या जमिनीपासून जेमतेम ११०० फुटांचा पट्टा झाला. वैमानिकासाठी हा फरक फार मोठा आहे. ड्रोन चालकाने मात्र आधी निर्बंधाची खालची मर्यादा पाहावी. ती जमिनीपासून सुरू होत असेल, तर तुमची प्रत्येक उंची त्यात आली.

सूचनेच्या क्रमांकापुढचे अक्षरही वाचावे. ‘एन’ असेल तर सूचना नवी, ‘आर’ असेल तर आधीच्या सूचनेच्या जागी आलेली आणि ‘सी’ असेल तर आधीची रद्द करणारी. नेत्यांचे दौरे शेवटच्या क्षणी बदलतात आणि त्याबरोबर सूचनाही बदलतात, म्हणून आदल्या रात्री वाचलेला नोटॅम सकाळी पुन्हा पाहायचाच.

आता या सगळ्यामागचे कारण सांगतो, कारण ते कळले नाही तर हा सगळा फक्त बंदोबस्ताचा त्रास वाटतो. सुरक्षेचा धोका हे एक कारण आहेच. पण माझ्या कामाच्या दृष्टीने त्याहून मोठी चिंता टक्कर होण्याची असते. तालुक्याच्या गावी हेलिपॅड बहुधा शाळा-महाविद्यालयाच्या मैदानावर किंवा सपाट शेतात, गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यालगत केले जाते, कारण तिथे विजेच्या तारा कमी आणि गाड्यांचा ताफा आत आणायला सोपे. मंगल कार्यालयेही नेमकी याच पट्ट्यात असतात. हेलिकॉप्टर उतरताना हळूहळू खाली येते आणि साधारण किलोमीटरभर आधीच ते ४०० फुटांच्या खाली असते. तुमचा ड्रोन जी जागा हिरवी म्हणून वापरतो, तीच जागा उतरत्या हेलिकॉप्टरची वाट असते. त्यात ते शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उतरते, आणि वारा फिरला की येण्याची बाजूही फिरते. त्यामुळे ‘हेलिपॅड उत्तरेला आहे, मी दक्षिणेला आहे’ या हिशेबाला अर्थ नाही. उतरण्यापूर्वी वैमानिक मैदानाभोवती एक फेरी मारून तारा, झाडे, लोक आणि जनावरे पाहतो, आणि ती फेरी तुमच्या कार्यालयावरूनही जाऊ शकते. त्या वेळी त्याचे लक्ष खाली असते. मूठभर आकाराचा करड्या रंगाचा ड्रोन त्याला दिसणार नाही, हे गृहीत धरूनच आपण वागले पाहिजे. माणूस चालवत असलेल्या विमानाला वाट देण्याची जबाबदारी नियमांनीही ड्रोनवरच टाकलेली आहे.

वेळेचाही एक पेच आहे आणि तो लग्नाच्या शूटिंगवाल्यांना विशेष भोवतो. डोळ्यांनी पाहून केल्या जाणाऱ्या उड्डाणांना सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपर्यंतच मुभा असते, आणि तात्पुरत्या हेलिपॅडवर दिवे नसतात. सभा जवळजवळ नेहमीच लांबते, त्यामुळे परतीचे उड्डाण घाईघाईने आणि उजेडाच्या शेवटच्या तासाभरात होते. नोव्हेंबरच्या अखेरीस अंबाजोगाईत सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होतो. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या दर्शनाहून परत येतो, गोरज मुहूर्ताची गडबड सुरू होते, आकाशाचा रंग चांगला असतो आणि यजमान म्हणतात, ‘आता वरून एक घ्या.’ नेमकी तीच वेळ हेलिकॉप्टर उडण्याची असते. दुपारी नेते उतरले आणि आवाज थांबला, म्हणजे धोका संपला असे कृपया समजू नका. हेलिकॉप्टर परत जाऊन काही काळ लोटेपर्यंत आणि आदेशाची मुदत संपेपर्यंत ड्रोन पेटीतच राहू द्या.

आदल्या दिवसाबद्दलही सांगतो. पंतप्रधानांसारख्या दौऱ्यात हवाई दलाची हेलिकॉप्टरे असतात आणि त्यांची चाचणी उड्डाणे आधीच होतात. साध्या दौऱ्यातही हेलिपॅडची तयारी किमान आदल्या दिवशी सुरू होते. सार्वजनिक बांधकाम विभागाचा रोलर आणि पाण्याचा टँकर मैदानावर आला, धूळ बसवण्यासाठी पाणी मारणे सुरू झाले, चुन्याने मोठे वर्तुळ आणि त्यात इंग्रजी ‘एच’ आखला गेला, बाजूला वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी लागली, की तुम्हाला जवळपास नक्की कळले. कधी कधी ही चिन्हे कोणत्याही प्रसिद्धिपत्रकाच्या आधी दिसतात. गावात राहणाऱ्या माणसाला हा फायदा आहे, तो घ्यावा.

ड्रोनच्या वजनाबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. २५० ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाचा ड्रोन नॅनो वर्गात येतो आणि तो चालवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. ही सवलत प्रमाणपत्रापुरती आहे. लाल विभाग, तात्पुरता लाल विभाग आणि मनाई आदेश हे सर्व नॅनोलाही लागू होतात, आणि मनाई आदेशात तर ‘ड्रोन’ एवढेच लिहिलेले असते, वजन लिहिलेले नसते. वजन मोजताना बॅटरी आणि वर लावलेले सर्व काही धरायचे. पंख्यांची जाळी, वरचा लुकलुकणारा दिवा, लेन्सवरचा फिल्टर लावला की २४९ ग्रॅमचा ड्रोन २५० च्या वर जातो, तो मायक्रो वर्गात येतो, आणि तुम्ही पैसे घेऊन काम करत असल्याने प्रमाणपत्र बंधनकारक होते. ॲपने उड्डाण सुरू होऊ दिले याचाही कायदेशीर अर्थ काही नाही. कंपनीच्या ॲपमधली बंद क्षेत्रे ही कंपनीची सोय आहे, बीडच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आदेश तिला ठाऊक नसतो.

मी काय केले असते, ते सांगतो. काम ठरल्याबरोबर, सभेची बातमी पक्की होण्याची वाट न पाहता, कार्यालय ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत आहे तिथे लेखी अर्ज दिला असता. अर्जात तारीख, वेळ, जागेचे अक्षांश-रेखांश, ड्रोनचा नोंदणी क्रमांक, कमाल उंची, चालकाचे नाव, मोबाइल, असल्यास प्रमाणपत्राची प्रत आणि लग्नपत्रिका जोडायची. पत्रिका जोडण्याचा उपयोग होतो, कारण काम खरे आहे हे ठाण्यात एका नजरेत कळते. अर्ज ठाणे अंमलदाराकडे देऊन आवक क्रमांकाची पोच घ्यायची आणि शक्य तर गोपनीय शाखेचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला प्रत्यक्ष भेटायचे, कारण दौऱ्याची खरी माहिती ठाण्यात सर्वांत आधी त्यांच्याकडे येते. ते तुम्हाला दौऱ्याचा तपशील सांगणार नाहीत, सांगूही नये. पण ‘त्या दिवशी उडवू नका’ किंवा ‘अकराच्या आत उरका’ इतके ते नक्की सांगतात, आणि तुम्हाला तेवढेच हवे असते. अर्जाची पोच म्हणजे परवानगी नव्हे, हे मात्र पक्के ध्यानात ठेवा. ती कागदावर लिहून मिळाली पाहिजे आणि तीही मनाई आदेश लागू असताना त्यातून स्पष्ट सूट देणारी असली पाहिजे.

सभेच्या आयोजकांचे ओळखपत्र, मंचाजवळ जाण्याचा छायाचित्रकाराचा पास किंवा ‘आपलेच लोक आहेत, काही होत नाही’ हे कार्यकर्त्याचे आश्वासन यांपैकी कशालाही ड्रोनची परवानगी म्हणता येत नाही. मराठवाड्यातल्याच एका तालुक्याच्या गावी अशाच भरवशावर सभेचे चित्रण करायला गेलेल्या एका छायाचित्रकाराचा ड्रोन जागेवरच जप्त झाला. आश्वासन देणारे त्या वेळी फोन उचलत नव्हते. पोलिसांकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही, कारण आकाशात दिसलेला ड्रोन कोणाचा आहे हे खालून कळत नाही, आणि बंदोबस्तावरच्या शिपायाला तेवढा वेळही नसतो. २०२४ च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन फिरत असल्याच्या चर्चेने आपल्याकडच्या अनेक गावांत घबराट पसरली होती, लोक गस्त घालू लागले होते. त्यानंतर अनोळखी ड्रोनकडे पाहण्याची गावकऱ्यांची आणि पोलिसांची नजर बदलली आहे. ती वस्तुस्थिती धरूनच आपण काम केले पाहिजे. फवारणीच्या ड्रोनवाल्यांनाही मी हेच सांगतो. हेलिपॅड शेताला लागून असेल, तर तूर-कपाशीवरची फवारणी दोन दिवस पुढे ढकलावी.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे मान्य करतो. नेते रस्त्याने येणार असतील, मनाई आदेश फक्त सभास्थानाच्या एक किलोमीटर परिसरापुरता असेल आणि ठाण्याने लेखी हरकत नसल्याचे दिले असेल, तर सकाळी हळदीचे चित्रण करण्यात मला अडचण दिसत नाही. आदेश संपूर्ण जिल्ह्यासाठी असेल, तर तीन काय, तीस किलोमीटरवरही उडवता येणार नाही. पंतप्रधानांच्या दर्जाचा दौरा असेल, तर परवानगीच्या मागे धावण्यातही वेळ घालवू नये, असे माझे मत आहे. आणि तीन कागदांपैकी एकातही काही नसेल, पण मैदानावर ‘एच’ आखलेला तुम्ही डोळ्यांनी पाहिला असेल, तर कायदा काय म्हणतो ते बाजूला ठेवून मी ड्रोन काढणार नाही.

सर्व परवानग्या हातात असूनही उडवताना अचानक हेलिकॉप्टरचा आवाज आला, तर काय करायचे हे आधीच ठरवून ठेवा. बहुतेक जण घाबरून ‘घरी परत’ चे बटण दाबतात. ते या प्रसंगात धोक्याचे आहे, कारण ड्रोन आधी ठरवून दिलेल्या उंचीपर्यंत वर चढतो आणि मगच परततो. ती उंची १०० मीटर ठेवलेली असेल, तर तुम्ही ३० मीटरवरचा ड्रोन स्वतःच्या हाताने हेलिकॉप्टरच्या वाटेत चढवता. बटण न दाबता रिमोटवरच्या दांडीने (स्टिकने) सरळ खाली आणा, जवळच्या मोकळ्या जागी उतरवा, मग तो उचलून आणा. अशा दिवशी सेटिंगमध्ये परतीची उंची आजूबाजूची सर्वांत उंच इमारत किंवा झाड पार होईल इतकीच ठेवा, आणि आकाशाकडे लक्ष ठेवायला सोबत एक माणूस उभा करा, कारण तुमची नजर पडद्यावर असते आणि ढोल-ताशांत तुम्हाला हेलिकॉप्टर उशिरा ऐकू येते.

भाच्यासाठी थोडेसे. प्रशिक्षणाच्या उड्डाणात त्याला सभेचे निर्बंध प्रशिक्षण संस्थेच्या ब्रीफिंगमध्ये मिळतील. पण पुढे हेलिकॉप्टर किंवा छोटे विमान घेऊन तो मराठवाड्यातल्या धावपट्ट्यांवर येऊ लागला की नोटॅमबरोबरच एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) आणि एडीसी (हवाई संरक्षण मंजुरी) क्रमांक घेणे, हवाई हद्दीतली कायमची निषिद्ध, निर्बंधित आणि धोक्याची क्षेत्रे नकाशावर पाहणे, आणि उतरायच्या जागेच्या संपर्कातल्या माणसाला ‘आसपास लग्न आहे का, ड्रोन आहे का’ असे विचारणे ही सवय त्याने आतापासून लावावी. हा शेवटचा प्रश्न मी प्रत्येक हेलिपॅडच्या वेळी विचारतो. लग्नसराईत त्याचे उत्तर अनेकदा ‘हो’ असे येते, आणि मग पोलिसांमार्फत कार्यालयात निरोप जातो.

ग्राहकाशी करायचा व्यवहारही आजच नीट करून घ्या. करारात एक वाक्य घाला की शासकीय मनाई, हवाई निर्बंध किंवा जवळच्या हेलिकॉप्टर वाहतुकीमुळे ड्रोन चित्रण रद्द होऊ शकते आणि तसे झाल्यास फक्त ड्रोनचे पैसे परत केले जातील, बाकीच्या कामाचे नाही. यजमानांना हे बयाणा घेतानाच सांगितले तर कोणी वाद घालत नाही. कार्यालयाचे आणि परिसराचे वरून दिसणारे दृश्य आधीच्या आठवड्यात, विभाग हिरवा आणि आदेश नसताना, घेऊन ठेवा. प्रत्यक्ष दिवशी परण्यासाठी जिमी जिब, म्हणजे कॅमेऱ्याची क्रेन, किंवा कार्यालयाच्या गच्चीवरून लांब दांड्यावरचा कॅमेरा वापरता येतो. सभेची तारीख पक्की झाली आणि जिल्ह्याचा आदेश निघाला की त्यातील हद्दीचे शब्द मला जसेच्या तसे कळवा. ‘परिसर’ म्हणजे नेमका किती, हे आदेशात लिहिलेले नसेल तर पोलीस ठाण्यात कोणता प्रश्न लेखी विचारायचा, ते मी सांगेन.